मानभावी कोण?

मराठी भाषेवर आपले प्रेम आहे. सीमाभागात ते जरा अधिकच आहे, आणि ते का, हे या अंकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण ज्या भाषेवर प्रेम करायचे तिच्या पोटात काय काय दडले आहे हेही एकदा पाहून घ्यावे. 'मानभावी' हा शब्द घ्या. वरून गोड आणि आतून कपटी अशा माणसाला आपण मानभावी म्हणतो. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण आम्ही शाळेत पाठ केली आहे. हा मानभाव म्हणजे कोण? तर महानुभाव पंथाचा अनुयायी. ज्या पंथाने मराठीला 'लीळाचरित्रा'सारखा आद्य गद्यग्रंथ दिला, त्याच पंथाचे नाव मराठीने शिवी म्हणून वापरले. उपकाराची अशी परतफेड दुसऱ्या कुठल्या भाषेने केली असेल तर मला माहीत नाही.

माझे आजोळ फलटणकडचे. तिकडे महानुभावांची मंदिरे आहेत आणि दूरदूरचे उपदेशी तिथे दर्शनाला येतात. माझी आजी कुणालाही भेटली की 'नमस्कार' म्हणत नाही, 'दंडवत प्रणाम' म्हणते. दूरदर्शनवरच्या मालिकेत एखादे पात्र दुसऱ्याला 'मानभावी मेला' म्हणाले की ती रिमोट उचलून आवाज बारीक करते. बोलत काही नाही. निपाणीच्या आमच्या घरात ही गोष्ट इतकी नित्याची आहे की कुणी तिची दखलही घेत नाही.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. धर्म हा काही माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. पण कंपनी कायदा वाचताना 'कायदेशीर व्यक्ती' या कल्पनेपाशी मी थांबलो. संस्था ही माणसासारखीच कायद्याने जन्म घेते आणि कायद्यानेच तिचे विसर्जन होते, हे आपण सर्व शिकतो. ग्रंथालयात या विषयावर अधिक काही चाळत असता एक विलक्षण उदाहरण सापडले. १८८७ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून एका संपूर्ण धर्ममंडळाचे असे विसर्जन करून टाकले आणि पन्नास हजार डॉलरांपलीकडची त्याची मालमत्ता सरकारजमा करण्याची तरतूद केली. दिवाळखोरी नाही, लबाडी नाही, भागधारकांची तक्रार नाही. ते मंडळ होते मॉर्मन लोकांचे. धर्मस्वातंत्र्याची सर्वांत मोठी ग्वाही देणाऱ्या देशात हे घडले, म्हणून कुतूहल वाटले आणि मी वाचत गेलो. वाचता वाचता आजीच्या हातातला रिमोट आठवत राहिला.

प्रथम त्यांची हकीकत थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा जोसेफ स्मिथ याने सांगितले की, एका देवदूताने आपल्याला टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांची जागा दाखवली. त्यांवरच्या प्राचीन लेखाचे ईश्वरी कृपेने भाषांतर करून त्याने १८३० साली 'बुक ऑफ मॉर्मन' प्रसिद्ध केले. पहिल्या पाच हजार प्रतींच्या छपाईसाठी त्याच्या एका अनुयायाने स्वतःचे शेत गहाण टाकले. (वाणिज्यवाल्यांनी नोंद घ्यावी, तारण बुडाले. शेताचा भाग विकूनच छापखान्याचे बिल भागले.) त्याच वर्षी एप्रिलमध्ये पंथाची स्थापना झाली. विरोधकांनी ग्रंथावरून त्यांना 'मॉर्मन' हे टोपणनाव दिले. त्यांचे स्वतःचे नाव लांबलचक आहे. शेवटच्या दिवसांतील संतांचे येशू ख्रिस्त मंडळ, असे काहीसे ते मराठीत होईल. २०१८ साली त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी जगाला विनंती केली की, कृपा करून आम्हाला टोपणनावाने हाक मारू नका. जगाने अर्थातच ते मनावर घेतले नाही. मीही या लेखात 'मॉर्मन' असेच लिहितो आहे, कारण दुसरे नाव लिहिले तर वाचकांना कळणार नाही. टोपणनाव एकदा चिकटले की असे होते.

सोन्याच्या पत्र्यांची गोष्ट मला पटत नाही, हे येथेच सांगून टाकतो. त्या ग्रंथातल्या प्राचीन अमेरिकेच्या इतिहासाला उत्खननशास्त्राचा आधार मिळालेला नाही. पण न पटणे आणि माणसाला घराबाहेर काढणे यांत काही अंतर असावे की नाही? मिसूरी राज्यात ते अंतर राहिले नाही. १८३३ च्या जुलैमध्ये जमावाने त्यांचा छापखाना मोडला. छापलेले कागद रस्त्यावर फेकले जात असताना दोन लहान बहिणींनी ओटीत मावतील तेवढे उचलले आणि त्या मक्याच्या शेतात जाऊन लपल्या. पुढे १८३८ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याचा गव्हर्नर बॉग्ज याने लेखी हुकूमच काढला की, या लोकांना शत्रू समजावे आणि त्यांचा नायनाट करावा, नाहीतर त्यांना राज्याबाहेर घालवावे. हुकूम निघून तीन दिवस होतात न होतात तोच एका गिरणीच्या वस्तीवर हल्ला होऊन सतरा माणसे मारली गेली. हजारो कुटुंबे भर हिवाळ्यात नदी ओलांडून शेजारच्या इलिनॉयमध्ये गेली. तिथेही १८४४ च्या २७ जूनला, तुरुंगात असलेल्या जोसेफ स्मिथला आणि त्याच्या भावाला जमावाने आत शिरून गोळ्या घातल्या. मग ब्रिगम यंग याच्या मागोमाग हे लोक बैलगाड्या जोडून पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ साली खाऱ्या सरोवराच्या काठी, जी जमीन कुणालाच नको होती तिथे जाऊन वसले. मिसूरीचा तो हुकूम रद्द कधी झाला? १९७६ साली. एकशे अडतीस वर्षे तो सरकारी कागदांत तसाच पडून होता.

आता आपल्याकडे या.

तेराव्या शतकात, यादवांच्या राज्यात, चक्रधर नावाचे एक पुरुष गावोगाव हिंडत होते. पंथीयांच्या श्रद्धेप्रमाणे ते परमेश्वराचे अवतार. इतिहासकार म्हणतात की मूळचे गुजरातेतले. म्हणजे मातृभाषा गुजराती आणि उपदेश मराठीत! सीमाभागातल्या भाषाशुद्धिवाल्यांनी यावर विचार करायला हरकत नाही. त्यांनी जे सांगितले ते त्या काळी चालण्यासारखे नव्हते. वेदांचा अधिकार मानला नाही, देवतांची गर्दी मानली नाही, जातीचा विटाळ मानला नाही, बायकांचाही मानला नाही. स्त्रिया आणि शूद्र यांना संन्यासाचा अधिकार दिला. त्यांच्या शिष्यांतली महदाइसा ही मराठीची आद्य कवयित्री. त्याच वेळी देवगिरीच्या दरबारी हेमाद्री पंडित होता. देऊळबांधणीमुळे आपण त्याला हेमाडपंत म्हणून ओळखतो. त्याने व्रते, दाने, श्राद्धे, तीर्थे यांचा 'चतुर्वर्गचिंतामणि' हा अवाढव्य ग्रंथ रचला. एकीकडे वर्षातल्या प्रत्येक तिथीला व्रत सांगणारा प्रधान, आणि दुसरीकडे यातले काहीच लागत नाही असे सांगणारा भिक्षेकरी! दोघांचे जमणार कसे? पंथाची परंपरा सांगते की, चक्रधरांचा छळ झाला आणि त्यामागे हेमाद्रीचा हात होता. शेवटी ते उत्तरेकडे निघून गेले. पंथीय 'मृत्यू' म्हणत नाहीत, 'उत्तरापंथे गमन' म्हणतात.

मागे राहिलेल्यांनी काय केले? म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्या आठवणी गोळा केल्या. कुणी काय सांगितले, कुणाच्या सांगण्यात काय फरक पडला, हेही नोंदवले. आजच्या भाषेत बोलायचे तर व्हाउचरसकट हिशेब ठेवला. ते 'लीळाचरित्र'. पंथाचे आचार्य नागदेव यांनी संस्कृतात ग्रंथ लिहू पाहणाऱ्या पंडिताला अडवले, कारण मग पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना काही कळणार नाही. माझ्या आजीची सोय सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी पाहिली होती, असे मला हे वाचताना वाटले.

पण पुढे चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. 'सकळ लिपी' ही त्यांतली प्रसिद्ध. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरे. किल्ली पंथीयांजवळच. पाचशे-सहाशे वर्षे मराठीचे हे आद्य धन मराठी माणसालाच वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही महंतांनी विश्वासाने किल्ली दिली. मग राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी ते जगापुढे आणले आणि साहित्याच्या इतिहासाचे पहिले प्रकरण नव्याने लिहावे लागले.

या लिपीपाशी मला जरा थांबावेसे वाटते, कारण माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. लोक म्हणत, 'हे लपवतात, त्या अर्थी काहीतरी काळेबेरे असणारच.' त्यांच्या संन्याशांचे कपडे काळसर असत, तेवढ्यावरूनही गोष्टी रचल्या गेल्या. पंथाचा मूळ पुरुष म्हणे जादूची टोपी घालून कृष्णाचे रूप घेई आणि बायकांना भुलवी. एकाने टोपी काढून घेतली आणि सोंग उघडे पडले. इंग्रज अधिकाऱ्यांनी ही कथा ऐकली आणि आपल्या जातिजमातींच्या जाडजूड पुस्तकांत उतरवून ठेवली. आता अमेरिकेत पाहा. मॉर्मनांच्या मोठ्या मंदिरात मंडळाच्या पात्र सभासदांखेरीज कुणाला प्रवेश नसतो. आतले विधी बाहेर सांगायचे नसतात. लगेच लोकांनी आत काय काय चालते याच्या कथा रचल्या. जोसेफ स्मिथ टोपीत गारगोटी घालून त्यात तोंड खुपसून पाही, असे सांगितले जाई. (गंमत म्हणजे ही गोष्ट निव्वळ कुचाळकी नव्हती, ती आता त्यांचे मंडळही मान्य करते.) दोन्हीकडे टोपी आणि दोन्हीकडे बायका! निंदा करणाऱ्यांची कल्पनाशक्ती फारशी मोठी नसते, एवढे यावरून दिसते. लोक आधी छळतात. छळाला भिऊन माणसे दार लावून घेतात. मग दार का लावले म्हणून पुन्हा छळतात. आधी काय घडले हे तिसऱ्या पिढीपर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाही.

महानुभाव पंजाबात गेले, पार काबूलपर्यंत त्यांचे मठ झाले. तिकडे त्यांना जयकृष्णी म्हणतात. मराठी ग्रंथ परमुलखात जपले गेले आणि मराठी मुलखात त्यांच्या नावाची म्हण झाली.

आमच्या कन्नड विभागातल्या मित्रांना हे सारे ओळखीचे वाटेल. चक्रधरांच्या आधी शंभर वर्षे कल्याणात बसवण्णांनी हेच केले होते. बिज्जळाचा मंत्री असलेल्या या माणसाने अनुभवमंटपात चांभार, परीट, नावाडी, बायका सर्वांना एका बैठकीत बसवले आणि बोली कन्नडात ईश्वराविषयी बोलायला लावले. जोवर बोलणे होते तोवर दरबाराने सोसले. पण चर्मकार हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचे लग्न झाले आणि प्रकरण पेटले. त्या दोन बापांना क्रूरपणे मारण्यात आले, अशी परंपरा सांगते. बिज्जळाचाही खून झाला आणि शरणांची पांगापांग झाली. वचनांच्या पोथ्या काखेत घेऊन ते उळवीच्या जंगलाकडे पळाले, आणि तो रस्ता आपल्या जिल्ह्यातून जातो. बेळगावहून धारवाडकडे जाताना एम. के. हुबळीला मलप्रभेत गंगांबिकेचा ऐक्यमंटप आहे. ही बसवण्णांची पत्नी. त्या पळापळीत तिचा अंत तिथे झाला, असे मानतात. आपण त्या पुलावरून कितीदा तरी जातो.

पुढे वचनांचेही महानुभावांच्या पोथ्यांसारखेच झाले. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी वकिली बाजूला ठेवून ताडपत्रे गोळा केली. त्यांच्या 'वचनशास्त्रसारा'चा पहिला भाग १९२३ साली आपल्या बेळगावातल्या छापखान्यात छापला गेला. पुढे घर विकून त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. मिसूरीतल्या त्या दोन मुली, म्हाइंभट आणि हळकट्टी यांची कधी भेट झाली असती तर त्यांना एकमेकांचे काम समजावून सांगावे लागले नसते.

मॉर्मनांचे पाऊल आपल्या मुलखातही पडले होते. १८५१ मध्ये त्यांचे प्रचारक कलकत्त्याला आले. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटलंडचा प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे त्याने पुण्यात एक लहानशी मंडळी जमवली. त्याला विरोध कुणी केला? पुण्याच्या शास्त्र्यांनी नव्हे. त्यांना या गोऱ्यांच्या आपसातल्या भांडणाशी काय कर्तव्य? विरोध केला तो इंग्रजी वर्तमानपत्रांनी, पाद्र्यांनी आणि लष्करी अधिकाऱ्यांनी. छावणीत त्याला थारा मिळेना, गोऱ्या शिपायांनी त्याचे ऐकू नये म्हणून बंदोबस्त झाला. त्यातच १८५२ मध्ये मॉर्मनांनी आपल्यात बहुपत्नीकत्व असल्याचे उघडपणे जाहीर केले आणि विरोधकांच्या हाती कोलीत मिळाले. १८५६ पर्यंत हे प्रचारक परत गेले. यात विनोद असा की, ज्या देशात संस्थानिक, सरदार आणि खातीपिती कुळे राजरोस दोन-दोन, तीन-तीन लग्ने करत होती, त्या देशात त्यांचा पाडाव बहुपत्नीकत्वावरून झाला. आपल्याकडे मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या लग्नाला कायद्याने बंदी आली ती १९४६ साली, आणि देशभर १९५५ साली.

बहुपत्नीकत्वाची बाजू मी घेत नाही. त्यात कोवळ्या मुलींचीही लग्ने म्हाताऱ्या पुढाऱ्यांशी लागली, ते वाईटच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ साली सांगितले की, श्रद्धा मोकळी आहे, पण श्रद्धेच्या नावाखालची कृती कायद्याच्या वर नाही. हा भेद मला मान्य आहे, आणि आपल्या न्यायालयांनीही द्विभार्या कायद्याच्या वेळी असाच भेद केला. १८९० साली मॉर्मनांनी ती चाल अधिकृतपणे सोडली आणि १८९६ मध्ये यूटा हे राज्य म्हणून संघात आले. पण कृती थांबवण्यासाठी मंडळच मोडायचे, सभासदांचा मताधिकार काढायचा, हे कुठल्या न्यायात बसते? तंबाखूच्या एका व्यापाऱ्याने कर चुकवला म्हणून निपाणीची सारी पेठ जप्त करण्यासारखे ते झाले.

तंबाखूवरून आठवले. मॉर्मनांना तंबाखू, दारू, चहा आणि कॉफी चारही वर्ज्य आहेत. त्यांचा प्रचारक निपाणीत आला तर धर्मरक्षकांच्या आधी आमचे तंबाखूचे व्यापारी आणि चहाचे गाडेवाले त्याला परत पाठवतील!

छळ सोसलेले लोक सज्जनच असतात, असेही मी म्हणणार नाही. १८४४ मध्ये पंथातून फुटलेल्या काही जणांनी जोसेफ स्मिथवर टीका करणारे वर्तमानपत्र काढले. पहिला अंक निघाला आणि त्याने नगरपित्यांकरवी तो छापखाना मोडवला. अकरा वर्षांपूर्वी स्वतःचा छापखाना मोडला गेला होता, हे तो विसरला. १८५७ च्या सप्टेंबरमध्ये यूटातून जाणाऱ्या प्रवाशांच्या एका तांड्यातली सुमारे एकशेवीस माणसे मॉर्मन सैनिकांनी शरण आल्यावर मारली. त्यांत स्त्रिया आणि मुले होती. काळ्या पुरुषांना त्यांनी १९७८ पर्यंत पौरोहित्य दिले नाही. आपल्याकडेही तेच. बसवण्णांनी प्रश्न विचारायला शिकवले, पण डॉ. एम. एम. कलबुर्गी यांनी 'मार्ग' या ग्रंथात वचनांच्या आधारे काही प्रश्न विचारले तेव्हा त्यांच्यावर इतके दडपण आले की १९८९ मध्ये त्यांना ते लिखाण मागे घ्यावे लागले. २०१५ साली धारवाडला त्यांच्या घराच्या दारात त्यांना गोळी घातली गेली. म्हणून पंथांची चिकित्सा झाली पाहिजे, खुशाल झाली पाहिजे. चिकित्सेने कुणाचे भाडे वाढत नाही, नळ बंद होत नाही.

नळाचे म्हणालो ते उगाच नव्हे. आमच्या मागच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या एक काकू राहत. नवरा दारुडा. तीन-चार वर्षांपूर्वी त्या एका घरगुती प्रार्थनेला जाऊ लागल्या. तिथे कुणी येशूची गाणी म्हणत, मराठीत आणि कन्नडातही. हळूहळू नवराही जाऊ लागला आणि त्याची दारू सुटली. गल्लीला आनंद झाला. दारू का सुटली हे कळल्यावर तो आनंद टिकला नाही. प्रथम हळदीकुंकवाचे बोलावणे थांबले. मग समाईक नळावर त्यांची घागर मागे सरू लागली. मग 'पैसे किती मिळाले?' ही विचारणा. काकू विडीच्या मजुरीवर जगत होत्या. हजार विड्यांमागे काय मिळते ते निपाणीत शेंबडे पोरही सांगेल. पैसे मिळाले असते तर त्यांनी आधी विडी सोडली असती. एका रात्री घरावर दगड आले. दगड कुणी मारले हे सर्वांना माहीत होते आणि कुणालाच माहीत नव्हते. घरमालक म्हणाले, 'माझे तुमच्याशी काही नाही, पण मला गल्लीत राहायचे आहे.' महिनाभरात बिऱ्हाड हलले. माझी आजी तेव्हा आमच्याकडे आली होती. सामान टेंपोत चढत असताना ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, 'आमच्या लहानपणी आम्हांलाही गावचा आड नव्हता.' आणि रस्त्यावर जाऊन तिने त्या बाईला 'दंडवत प्रणाम' केला. काकूंना त्याचा अर्थ कळला नाही. त्यांनी हात जोडले.

काकूंच्या पंथाशी मला काही देणेघेणे नाही. तिथले उपदेशक आजार बरे करण्याचे दावे करत असतील तर ते मला मान्य नाही. औषध सोडायला लावत असतील तर तो गुन्हाच समजावा. पण माणसाने कुठे जाऊन डोळे मिटावेत हे गल्लीने ठरवायचे काय?

गल्लीचे राहू द्या, सरकारचे पाहू. २३ डिसेंबर २०२१ रोजी, आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात, कर्नाटक विधानसभेने धर्मांतराविषयीचे विधेयक मंजूर केले. पुढे वटहुकूम निघाला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. नाव 'धर्मस्वातंत्र्याच्या हक्काचे संरक्षण'. त्यातली पद्धत अशी: ज्याला धर्म बदलायचा आहे त्याने तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना ठरावीक नमुन्यात कळवायचे. ती सूचना जिल्हाधिकारी आणि तहसीलदार कचेरीच्या फलकावर लागणार आणि हरकती मागवल्या जाणार. आपल्या आधीच्या धर्मात परत यायचे असेल तर मात्र यातले काही नको. ते धर्मांतरच नव्हे. जाताना तिकीट आणि येताना फुकट, अशी एस.टी. मी पाहिली नाही.

सक्ती आणि फसवणूक यांना शिक्षा हवी, याबद्दल वाद नाही. त्यासाठी फौजदारी कायदे पूर्वीपासून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले की, धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. ठीक आहे. पण इथे प्रश्न दुसऱ्याचे धर्मांतर करणाऱ्याचा नाही, स्वतःचा धर्म बदलणाऱ्याचा आहे. आमच्या काकूंचे नाव तहसील कचेरीच्या फलकावर लागले असते तर दगड रात्री येण्याची वाट पाहावी लागली नसती. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह दीक्षा घेतली आणि त्यानंतर त्रेपन्न दिवसांनी त्यांचे निर्वाण झाले. त्या लाखो लोकांनी तीस-तीस दिवस आधी नमुने भरले असते, तर हरकती नोंदवून घ्यायला तहसीलदारांना कागद पुरला असता काय? आणि हरकत घेणार कोण? ज्यांच्या आडावर त्यांना पाणी भरू दिले नाही तेच ना! हरळय्याच्या मुलाच्या लग्नाला हरकत कुणाची होती हे आपण वाचलेच आहे.

२०२३ च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. मिसूरीची एकशे अडतीस वर्षे लक्षात घेता, निर्णय जाहीर होणे आणि कागद खरोखर रद्द होणे या दोन गोष्टी वेगळ्या समजाव्यात, असे मी सुचवीन. मॉर्मन भारतात पुन्हा आले आहेत. थोडे आहेत, पंधरा हजारांच्या आसपास, बहुतेक दक्षिणेत. बेंगळूरला त्यांच्या मंदिराची पायाभरणी २०२० च्या डिसेंबरमध्ये झाली. त्यांची कुणाला भीती वाटावी असे काही नाही. भीती त्यांना वाटत असावी.

आपले महाविद्यालय दोन भाषांचे आहे, आणि या अंकाचे दोन विभाग एकाच शिवणीत बांधले जातात. कन्नड विभागातल्या मित्रांना माझी एक विनंती आहे. मराठीने एका पंथाच्या नावाची शिवी केली, ती मी वर सांगितली. कन्नडात असा शब्द आहे का? असेल तर तो कुणाविषयी आहे आणि ती माणसे आज कुठे राहतात, हे कुणीतरी पुढच्या अंकात लिहावे. मी ते कन्नडातच वाचीन.